एकतीस भागिले तीस

मामाच्या कारखान्यातून आजवर कोणीही कमी माल घेऊन गेलेलं नाही. हे मामा स्वतः सांगतो आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. शंभर पिशव्या छापायला टाकल्या तर एकशेपाच मिळतात, हजार लेबलं सांगितली तर चाळीसेक वर असतात. "प्रवासात एखादी खराब होते, एखादी उंदीर खातो," मामा म्हणतो, "आपण आपलं हात सैल ठेवून द्यावं. गिऱ्हाईक मोजायला बसलं की त्याचा चेहरा बघा, कसा फुलत जातो!"

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. दोन खोल्या, एक लांबलचक टेबल, सुकवायचे रॅक आणि शाईचा असा उग्र वास की नवीन माणसाला पहिली पाच मिनिटं सगळं जग गोड वाटतं. काम स्क्रीन प्रिंटिंगचं. चित्र उतरवलेली बारीक जाळी लाकडी चौकटीत ताणलेली, तीच स्क्रीन; तिच्यावर शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची, की खालच्या कागदावर एक रंग उमटतो. सात रंग हवे असतील तर सात चौकटी आणि दर कागदाला सात वेळा हात मारायचा. मामानं अशा सत्तावीस वर्षांत 'भव्य सवलत' हे शब्द इतक्या वेळा छापले होते की झोपेत त्याचा उजवा हात आपोआप पुढेमागे व्हायचा, असं मामी सांगते.

तर एके दिवशी त्याची भाची आली. घरात तिला बबडी म्हणतात. ती आता चित्रकार झाल्यामुळे तिला ते आवडत नाही, पण विचारतो कोण. पोट भरायला ती एका भल्यामोठ्या दुकानात सवलतीच्या पाट्या रंगवायची आणि उरलेल्या वेळात त्याच सवलतींवर चित्रं काढायची. तिनं टेबलावर आपलं आर्टवर्क पसरलं. कपडे धुवायच्या पावडरीचं खोकं, एकदा नव्हे, नऊ वेळा, दर वेळी वेगळ्या रंगात. खोक्यातून पावडरऐवजी नोटा सांडतायत, कुठल्याच देशात चालणार नाहीत अशा. आणि वर लाल चांदणीत ठळक अक्षरं : फक्त आज! निम्म्या किमतीत!

मामानं चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं. "झकास जमलंय. पण कंपनीचं नाव टाकायचं राहिलं बघ."

"मामा, ही जाहिरात नाही. हे चित्र आहे."

"चित्र आहे तर निम्म्या किमतीत काय मिळणार?"

"काहीच नाही. तेच तर सांगायचंय."

मामाला काही कळलं नाही, पण सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकाचं सगळं कळायलाच हवं असा त्यानं कधी हट्ट धरला नव्हता. "किती काढू?"

"तीस."

"तीसशे?"

"तीस. पुढे दोन शून्यं वगैरे नाही. आणि मामा, एकही जास्त नको. हे चिठ्ठीवर लिहून देते, हवं तर सही करून देते."

तिनं खरंच लिहून दिलं, खाली सही केली आणि पुढच्या महिन्यात आपलं पहिलं प्रदर्शन आहे असं सांगून गेली. मामा त्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत बसला. सात स्क्रीन बनवायच्या, सात रंग जुळवायचे आणि काढायच्या तीस प्रती! हे म्हणजे लग्नाएवढा मांडव घालून दोघांना चहा पाजण्यातली गत. असं कोण करतं? ज्याच्याकडे पैसे नसतात तो.

"पोरीला परवडत नाही," तो रात्री जेवताना मामीला म्हणाला. "तोंडानं बोलत नाही, पण तीसच मागते. वर सही करून देते की जास्त नको. केवढी ती लाज."

मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग शंभर करा. एकदा स्क्रीन बसली की पुढच्या प्रतीला काय लागतं, शाई आणि तुमचे हात. आणि तिला सांगू नका. प्रदर्शनातच देऊ."

कागदवाल्यानंही जणू तेच ठरवलं होतं. बबडीला हवा होता तो जाड, कापसासारखा कागद तो शंभराच्या खाली देतच नव्हता. मामानं शंभराचं पाकीट फोडलं आणि सहा दिवस दुसरं काम घेतलं नाही. असा एकावर एक नेमका रंग बसवला की स्वतःच स्वतःला शाबास म्हणाला.

बबडी आली तेव्हा तिच्यासाठीच्या प्रती रॅकवर मांडलेल्या होत्या आणि बाकीचा गठ्ठा आतल्या खोलीत पिशव्यांच्या मागे दडवला होता. प्रती बघून तिनं मामाला मिठीच मारली. मग तिथेच बसून एकेकीवर पेन्सिलीनं सही केली आणि कोपऱ्यात आकडे घातले. एक भागिले तीस, दोन भागिले तीस, असं करत तीस भागिले तीस. मामा तेवढ्यात शाई आणायला बाहेर गेला होता, त्यामुळे का, कशाला, हे विचारायचं राहून गेलं. परत येईतो ती प्रती घेऊन गेलेली होती, आणि चिठ्ठीशेजारी तिनं लिहिलेल्या आकड्यांचा कच्चा कागद पडलेला होता.

मामानं तो वाचला आणि त्याला लगेच उलगडा झाला. पावतीपुस्तकांना असतात तसे अनुक्रमांक! एवढ्यासाठी पोरगी हातानं लिहीत बसली. आपण सत्तर प्रती देणार, त्यांवर पुन्हा तिनं कधी लिहायचं आणि सही कधी करायची? मामा मागे हटणारा माणूस नव्हे. त्यानं चिठ्ठीवरच्या सहीची एक छोटी स्क्रीन करून घेतली. दुकानांच्या कूपनांवर मॅनेजरची सही तो अशीच छापून द्यायचा, मॅनेजर खूष असायचे. करड्या शाईत थोडी चंदेरी मिसळून त्यानं हुबेहूब पेन्सिलीचा रंग आणला. मग मामी डोळ्यांना चष्मा लावून बसली आणि तिनं वळणदार अक्षरात पुढचे आकडे घातले : एकतीस भागिले तीस, बत्तीस भागिले तीस, त्रेपन्न भागिले तीस, आणि अगदी शेवटी शंभर भागिले तीस.

"हे असं बरोबर असतं ना हो?" तिनं मध्येच एकदा विचारलं.

"वरचा आकडा पुढे जातो, खालचा तोच राहतो," मामा म्हणाला. "तिच्या कागदावर बघ की. पुस्तकाचा नंबर असेल."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचा किराणावाला लेबलं न्यायला आला. त्याची नजर गठ्ठ्यावर पडली आणि तिथेच चिकटली. पावडरीचं खोकं, नोटा, निम्मी किंमत. त्याच्या दुकानात तसलीच पाच किलोची खोकी दोन महिने पडून होती. "मामा, यातल्या थोड्या मला द्या. एका खोक्यावर एक चित्र फुकट. तुमच्या भाचीचंही नाव होईल."

हे मामाला एकदम पटलं. जितक्या घरांत चित्र जाईल तितकी पोरगी मोठी होणार. त्यानं एकसष्टपासूनच्या चाळीस प्रती काढून दिल्या आणि उरलेल्या तीस कागदात गुंडाळून, काखोटीला मारून, मामीला स्कूटरवर मागे बसवून तो प्रदर्शनाला निघाला.

अकराच्या सुमारास दोघं चित्रदालनात शिरली. पांढऱ्याशुभ्र भिंती, गुळगुळीत फरशी, आणि लोक एवढ्या हळू बोलत होते की मामालाही आपली चप्पल वाजतेय याची लाज वाटली. भिंतीवर खोक्याचं एकच चित्र होतं आणि खाली छोटीशी पट्टी. मामानं वाकून वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"अगं," तो मामीच्या कानात म्हणाला, "इथे चाळीस हजार लिहिलंय."

"सगळ्यांचे मिळून असतील."

"एका प्रतीचे, मामी," मागून बबडी म्हणाली. ती नव्या कपड्यांत होती आणि तिचे गाल लाल झाले होते. "आणि अकरा कालपर्यंतच गेल्या. त्या लाल टिकल्या बघ, एक टिकली म्हणजे एक विकली. पाच एकट्या हॉटेलवाल्या साहेबांनी घेतल्यात, दुपारी पैसे द्यायला येणार आहेत. मामा, मी काल नोकरीचा राजीनामा दिला. वर्षभराचं खोलीचं भाडं निघतंय यातून. आता फक्त चित्रं."

मामा हबकला होता. त्या खोक्यातली खरीखुरी पावडर नव्वद रुपये किलो होती. "एवढ्या रुपयांना का घेतात गं लोक हा कागद?"

"कारण तीसच आहेत. जगात फक्त तीस. प्रत्येकीवर आकडा आहे, तिसांतली कितवी ते. एकतिसावी कुठे दिसली ना, तर हे सगळं एका मिनिटात रद्दी. कोणी चहासुद्धा विचारणार नाही मला." ती हसली. "म्हणून तर तुझ्याकडून लिहून घेतलं. तू कसा आहेस मला माहीत नाही का? काखेत काय आणलंयस?"

मामाला काखेतला गठ्ठा पेटल्यासारखा वाटायला लागला. "कॅलेंडरं," तो म्हणाला. "एका गिऱ्हाइकाची. ती द्यायची राहिलीत. आम्ही आलोच."

"आत्ता तर आलात."

"आलोच," मामी म्हणाली आणि नवऱ्याचा दंड धरून बाहेर पडली.

दोघं स्कूटरवरून थेट किराणावाल्याकडे निघाली. सिग्नलला मामी म्हणाली, "शंभर भागिले तीस. माझ्या हातानं लिहिलं मी ते."

किराणावाला आनंदात होता. "मामा, जादू आहे तुमच्या चित्रात. छत्तीस खोकी संपली. चारच उरलीत."

त्या चार प्रती मामानं आधी ताब्यात घेतल्या. मग किराणावाल्याला आठवून आठवून घरं सांगायला लावली. बहुतेक सगळी त्याच दोन गल्ल्यांतली होती, तेवढं एक नशीब.

पहिली प्रत सलूनमध्ये होती, आरशाच्या वर चिकटवलेली. न्हाव्यानं काही न विचारता काढून दिली. दुसऱ्या घरी बाईंनी ती फळीवर डब्यांखाली अंथरायला घेतली होती. "देते की," त्या म्हणाल्या, "पण मग फळीला काय घालू?" मामानं खिशातून वीस रुपये काढून दिले. तिथेच त्याचं चुकलं. कारण ते शेजारणीनं पाहिलं, आणि तिनं पन्नास मागितले. तिच्या पलीकडच्या शिंप्यानं शंभर. फुकट मिळालेली वस्तू कोणी पैसे देऊन परत मागतोय म्हटल्यावर माणसाच्या मनात जे यायचं तेच गल्लीभर आलं. मामा घामाघूम होऊन जितका धावत होता तितका भाव त्याच्या पुढे धावत होता.

अर्ध्या तासानं तर नवाच प्रकार सुरू झाला. शिंप्यानं दुसऱ्या दोन घरांतून दीडशेला एक अशा प्रती उचलल्या आणि मामाला तीनशेला एक देऊ केल्या. ज्यांना चित्र मिळालं नव्हतं ते किराणावाल्याशी भांडत होते. एका घरी तर बाप-लेकांत, विकायचं की थांबायचं, यावरून जुंपली होती.

"थांबावं," मुलगा बापाला म्हणत होता. "संध्याकाळपर्यंत पाचशे होईल."

"अहो, त्यात काही नाहीये," मामा रडकुंडीला येऊन म्हणाला. "साधा कागद आहे."

"मग एवढे का पळताय?" बापानं विचारलं. मामानं खिशात हात घातला. त्यानं पाचशे मोजले.

शेवटी राहिल्या एक निवृत्त बाई, आयुष्यभर गणित शिकवलेल्या. त्यांनी प्रत टेबलावर ठेवून शांतपणे मामाकडे पाहिलं. "चौऱ्याऐंशी भागिले तीस म्हणजे दोन पूर्णांक आठ दशांश. हे कशाचं उत्तर आहे ते सांगा, तशीच देते."

मामानं खरं ते सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, प्रत हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्हाला शाळेत कोण होतं गणिताला?"

मामीनं दुकानाच्या पायरीवर बसून मोजल्या. काखेतल्या तीस, दुकानातल्या चार, गोळा केलेल्या पस्तीस. एकोणसत्तर. पुन्हा मोजल्या. एकोणसत्तरच. सत्त्याऐंशी नंबर नव्हता. किराणावाल्यानं डोकं खाजवलं आणि त्याला आठवलं. सकाळी पहिल्यांदा खोकं नेलं ते त्या मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यातल्या माणसानं.

मामाला ते पाच प्रती घेणारे साहेब आठवले.

चित्रदालनात दोघं पोचली तेव्हा तिथे शांतता होती, आणि ती चित्रं बघण्यातली शांतता नव्हती. मधोमध हॉटेलवाले उभे होते आणि त्यांच्या हातात सत्त्याऐंशी भागिले तीस होती. "माझ्या धोब्याला ही पावडरीवर फुकट मिळाली," ते हळू आवाजात म्हणत होते. "मी दोन लाख देणार होतो."

बबडीचा चेहरा कागदासारखा झाला होता. ती प्रत हातात घेऊन सहीकडे बघत होती. "सही माझीच आहे," ती म्हणाली. "पण मी केलेली नाही."

"नकली आहे," दालनवाल्या बाई म्हणाल्या. "कोणीतरी चोर आहे. मी पोलिसांना फोन करते."

आता मामा गप्प राहिला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण बबडीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं त्यानं बघितलं आणि त्याचे पाय आपोआप पुढे गेले. "फोन करू नका," तो म्हणाला. "चोर मी आहे." आणि त्यानं काखेतला गठ्ठा फरशीवर ठेवला.

सगळ्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. मामानं पहिल्यापासून सांगितलं. पोरीला परवडत नसेल असं वाटलं, म्हणून शंभर. हाताला त्रास नको, म्हणून सही. मामीनं मान खाली घालून आकड्यांचं सांगितलं.

"तू माझी सही छापलीस?" बबडी म्हणाली.

"कूपनावर छापतो तशीच गं. रंगसुद्धा पेन्सिलीचा जुळवला."

बबडी हसली की रडली हे कोणालाच कळलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दालनवाल्या बाई पुढे झाल्या. "एकच उपाय आहे. सत्तरच्या सत्तर इथे, साहेबांच्या समोर नष्ट करायच्या. ज्यानं छापल्या त्यानंच फाडायच्या. मग तीस उरल्या ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल."

सत्तावीस वर्षांत मामानं धड छापलेला कागद कधी फाडला नव्हता. रंग सरकलेला कागदसुद्धा तो पाठकोऱ्यासाठी ठेवायचा. तो फरशीवर मांडी घालून बसला आणि त्यानं एकतीस नंबरची प्रत उचलली. कागद जाड होता, एका झटक्यात फाटेना. उभी फाडली, आडवी फाडली, आठ तुकडे केले. मग बत्तीस. दर वेळी एकावर एक नेमके बसलेले ते सात रंग टरकताना तो डोळे मिटून घ्यायचा. मामी शेजारी बसून आकडे वाचत होती आणि हॉटेलवाले मोजत होते. सत्त्याऐंशी त्यांनी स्वतःच्या हातानं पुढे केली. शंभर फाडून झाली तेव्हा मामाची बोटं सोलवटली होती.

"सत्तर," हॉटेलवाले म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून चेकबुक काढलं. "माझ्या पाच कायम. इतका प्रामाणिक छपाईवाला मी पाहिला नाही. आणि इतका..." पुढचा शब्द त्यांनी सभ्यपणे गिळला.

लोक पांगले. बबडी येऊन मामाच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"रागावलीस?" मामानं विचारलं.

"खूप. पण तुझ्यावर रागवून राहता येत नाही, हीच पंचाईत आहे." तिनं नाक पुसलं. "निदान तुझी प्रत तरी नीट ठेवलीयस ना?"

"माझी कुठली?"

"अरे, आमच्यात पद्धत असते. छापणाऱ्याची एक प्रत. ती तिसांत धरत नाहीत, ती एकच असते, म्हणून बाकीच्यांच्या दुप्पट भावानं जाते. तू रॅकवर मला एकतीस मांडून दिल्या होत्यास. मी हसलेच, म्हटलं मामा काही सुधारत नाही. तीस नेल्या आणि एकतिसावीवर सही करून, मागच्या बाजूला 'मामाला' असं लिहून रॅकवरच ठेवून आले. आकडा मुद्दाम घातला नव्हता."

मामाला आठवलं. एका प्रतीवर सही आधीच होती, आकडा तेवढा नव्हता. पोरगी गडबडीत विसरली असेल, असं म्हणून त्यानंच ती मामीपुढे सारली होती. मागे बघायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

मामीनं फरशीवरच्या ढिगाकडे पाहिलं. "चिकटवून काही होईल का गं?"

"नाही मामी."

मामानं एक तुकडा उचलून पाहिला. मग हळूच, बबडीकडे न बघता म्हणाला, "सातही स्क्रीन अजून आहेत. धुतल्या नाहीत मी, चित्र तसंच आहे त्यांवर. म्हणजे म्हटलं तर, एकच..."

बबडीनं खांद्यावरचं डोकं उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं. मामीनंही पाहिलं.

मामा उठला, स्कूटरची किल्ली घेतली आणि मुकाट्यानं स्क्रीन धुवायला गेला.